बगळ्यांचा टाय

लेओनोरनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून.

रविवारचा बाजार भरला होता आणि मोंतेविदेओतल्या त्रिस्तान नार्वाहा रस्त्याच्या उतारावर जुलैचा, इथल्या ऐन हिवाळ्यातला तो चिवट पाऊस सुरू झाला होता. धड कोसळत नाही, धड थांबत नाही, नुसता हाडांत मुरत राहतो, तसला. जो तो आपापलं सामान झाकायच्या धांदलीत. तेवढ्यात एक भलीमोठी काच चालत चालत दोन्या एल्बांच्या ताडपत्रीखाली आली. काचेला खाली पाय होते, दोन्ही कडांना बोटं होती, आणि मधोमध, ओघळणाऱ्या थेंबांमागे, एक चेहरा होता. जुन्या घडणीची काच, अंगात हलकीशी लाट असलेली. त्यामुळे तो चेहरा घडीत लांबोळका व्हायचा, घडीत नाकावर नाक चढायचं. डोळे मात्र जागच्या जागी होते. ओले... आणि पावसानंच ओले असतील असं काही सांगता येईना.

"येऊ का आत?" चेहऱ्यानं विचारलं.

"आलाच आहेस की," दोन्या एल्बा म्हणाल्या. "आता काय विचारून बाहेर जाणार आहेस? तेवढी काच माझ्या बटणांवर टेकवू नकोस, राजा. झाडाला टेकव."

दोन्या एल्बा बटणं विकायच्या. शिंपल्याची, शिंगाची, पितळेची, मेलेल्या लोकांच्या कोटांवरून उतरवलेली. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते नावाच्या कडू हिरव्या चहाचा पोकळ भोपळा, आणि ओठांवर नेहमी काहीतरी गुणगुणणं. आज पावसाचं होतं:

*पाऊस पडतो बाई, नदीपल्याड दिसेना,*
*गेल्या माणसाचा कोट खुंटीवरून निघेना...*

त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर लेओनोर आपले जादाचे टाय मांडायची. आठवडाभर ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लोकांच्या कोटांना चिठ्ठ्या टाचायची. रविवारी मात्र ती टाय शोधायची. कुठलेही नाहीत. जुने, अस्सल रेशमाचे, परदेशच्या नावाजलेल्या घराण्यांनी छापलेले, आणि त्यावर जनावर हवंच. फुगे धरलेले हत्ती. कासवाला वाकुल्या दाखवणारे ससे. नाकापेक्षा मोती जड तशी शिंगं असलेली हरणं. कुठल्या मंत्र्याचे, कुठल्या डॉक्टरचे, कुठल्या जुगाऱ्याचे, कोण जाणे. मालक गेले, जनावरं मागे राहिली. त्यांना ती घरी नेऊन दोरीवर टांगायची. "माझा कळप," म्हणायची.

"इतक्या गळ्यांचे टाय आहेत पोरीकडे," दोन्या एल्बा येत्याजात्याला सांगायच्या, "एक गळा तेवढा नाही."

त्यानं काच झाडाला टेकवली, वळला, आणि लेओनोरच्या काळजात लक्कन हललं. त्याच्यासाठी नव्हे, निदान पहिल्या क्षणाला तरी नव्हे. त्याच्या जाड लोकरी स्वेटरवर, कॉलर नाही काही नाही, एक टाय लोंबत होता. रात्रीच्या पाण्यासारखा निळा. आणि त्या निळ्यात, एका पायावर उभे, इवले इवले पांढरे बगळे.

इटलीतल्या कोमोच्या तळ्याकाठच्या एका घराण्यानं कधीकाळी पाणपक्ष्यांची एक मालिका छापली होती. हंस लेओनोरकडे होता. टिटवी होती, पाणकोंबडी होती. बगळा तेवढा कुठेच सापडला नव्हता. किती हिवाळे ती त्याच्या मागावर होती! आणि आज तो असा स्वेटरवर बसून, भिजत, आपल्या पायांनी आला होता.

"स्वेटरवर टाय?" तिनं विचारलं. आवाज होता होईल तो साधा ठेवून.

"का, शोभत नाही?"

"तुम्हाला शोभतो. बगळे काकडलेत बिचारे."

तो हसला नाही, पण ओठांचा एक कोपरा हलला. "हातात काच होती. खिशात घातला तर चुरगळणार. म्हटलं, गळा रिकामाच आहे, तिथे ठेवू."

दोन्या एल्बांना एकदम खोकला आला.

"इथे कुणी टायवाली मुलगी बसते म्हणे," तो पुढे म्हणाला. "डागांतलं कळतं तिला. ती तुम्हीच का?"

"टायवाली मुलगी!" दोन्या एल्बा उखडल्या. "म्हणजे मी कोण, बटणवाली म्हातारी?"

"आहातच की," लेओनोर म्हणाली.

"आहे गं. पण परक्या माणसानं म्हणू नये."

या वेळी तो हसला. हसताना त्याला जरा कष्ट पडले, बरेच दिवस न उघडलेलं दार उघडावं तसे. त्याचं नाव ब्राउलिओ. गोएस भागात एका काचेच्या दुकानात काच कापायचा. ही लाटेची काच त्यानं बाजारात हुडकली होती, घरच्या जुन्या दारासाठी. हल्ली अशी कुणी करत नाही, म्हणाला. बोलता बोलता त्यानं टेबलावरच्या सशांकडे हात नेला.

"हात लावू नका!"

"का? चावतात?"

"बोटं बघा तुमची. नुसती चिरा आणि भेगा. रेशमाला अडकतात. एक धागा ओढला गेला की सशाचा पाय कायमचा अधू."

त्यानं बोटं मुठीत लपवली, शाळेतल्या पोरासारखी. "आणि हे सगळे तुमचेच?"

"हे जादाचे. कळप घरी आहे."

"चारा काय घालता?"

"लोकांचे डोकं खाणारे प्रश्न."

"मग बाळसं धरलं असेल चांगलं..."

दोन्या एल्बांनी भोपळ्यात गरम पाणी ओतलं आणि तो त्याच्या हातात दिला. कडू मातेची वाफ त्याच्या गालांवरून गेली. एका हातानं त्यानं टाय सैल केला, डोक्यावरून काढला आणि लेओनोरकडे दिला. "बाबांचा आहे," तो म्हणाला. "...होता. एप्रिलमध्ये गेले. शेवटच्या रविवारी पास्ता खाताना सॉस उडाला, तो हा डाग. माणूस गेला आणि डाग राहिला, बघा. शनिवारी बहिणीचं लग्न आहे. बाबांच्या जागी मी तिचा हात धरून नेणार. म्हणून हाच टाय हवा."

"वाईट झालं," लेओनोर म्हणाली.

"डाग?"

"बाबा."

"हं." त्यानं मातेचा घोट घेतला. "डाग निघेल?"

"डाग निघेल."

टाय तिच्या हातात होता. रेशीम जड होतं, गार होतं, आणि त्याला तंबाखूचा नि लव्हेंडरचा वास होता. तिनं मागची शिवण पाहिली, हातानं घातलेली, शेवटी धाग्याचा तो मोकळा सोडलेला फासा तसाच. अस्सल. वर तो विचारत होता, "तुमच्या कळपाला माझ्यासारखा गुराखी नको का?" आणि ती त्याच्याकडे बघत म्हणत होती, "गुराख्याला आधी हातमोजे लागतील..." आणि तो हसत होता, आता खरंच हसत होता, आणि तीही.

हातांकडे तिचं लक्षच नव्हतं.

हातांना त्यांची सवय होती. टाय जमवणाऱ्या माणसाची पहिली सवय: टाय हाती आला की गाठ सोडायची. गाठीत राहिलेलं रेशीम कुजतं, धागे घडीवर तुटतात. कुणाचा गळा आवळलेला दिसावा तशी ती कासावीस व्हायची बांधलेला टाय पाहून. अंगठा आत, तर्जनी मागे, एक हलका हिसका...

ब्राउलिओचं हसणं मध्येच थांबलं.

"सोडलीत?"

"काय?"

"गाठ. गाठ सोडलीत तुम्ही?"

तिनं खाली पाहिलं. टाय तिच्या मांडीवर सरळ पडला होता, लांबच्या लांब. बगळे एका रेषेत उभे होते.

"गाठ ठेवायची नसते तशी," ती म्हणाली. "धागे..."

"बाबांनी मारली होती ती." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "बहिणीच्या, इरुपेच्या बाप्तिस्म्याला. त्या दिवशी मारली ती मारली. नंतर कधी सोडलीच नाही. सैल करायचे, डोक्यावरून काढायचे, खिळ्याला अडकवायचे. दर वेळी बांधायला मी काय मंत्री आहे, म्हणायचे." ओठाचा तो कोपरा हलायला गेला आणि तिथेच विझला. "त्यांच्या हातचं एवढंच होतं घरात. बाकी काही त्यांनी केलेलं राहिलेलं नाही."

"मी... थांबा, मी पुन्हा बांधून..."

"तुम्ही बांधाल. मग ती तुमची गाठ."

त्यानं मातेचा भोपळा रिकामा केला आणि दोन्या एल्बांच्या हातात परत दिला.

"आभार," तो म्हणाला.

थर्मास तिरपा धरलेला दोन्या एल्बांचा हात हवेतच राहिला. माते परत देताना आभार म्हणणं म्हणजे पुरे, आणखी नको, ही बैठक माझ्यापुरती संपली. हे त्या रस्त्यावर कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

"टाय राहू द्या तुमच्या कळपात," तो लेओनोरला म्हणाला. काच उचलली आणि पावसात निघून गेला. आता काच त्याच्या पलीकडच्या अंगाला होती. अलीकडे नुसती पाठ.

*

दुरास्नो गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी होती. लेओनोरनं हंसाशेजारी बगळे टांगले. टिटवी, पाणकोंबडी, हंस, बगळा. मालिका पुरी झाली. ह्या घटकेची तिनं किती वेळा मनात आरास केली होती: खिडकी उघडी टाकीन, गोड वाइन आणीन, दोन्या एल्बांना बोलावीन. आता ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. वाऱ्यानं टाय हलत होते. इतकी जनावरं खोलीत, आणि एकही आवाज नाही.

डाग तिनं काढला. वाफ मात्र दिली नाही. वाफ दिली असती तर घड्या गेल्या असत्या आणि तो तंबाखू-लव्हेंडरचा वासही. पावडर भुरभुरून, कापसानं टिपून, जेवढ्यास तेवढा डाग उचलला.

दोन्या एल्बा मंगळवारी दुकानात डोकावल्या. बाहेर पाऊसच होता. त्यांनी कागदात गुंडाळून गरम तोर्ता फ्रिता आणल्या होत्या. पाऊस पडला की मोंतेविदेओत चरबीत ह्या पुऱ्या तळायच्याच, दुःख असो की सुख.

"खा."

"भूक नाही."

"भूक नाही म्हणे. त्या काचवाल्यासाठी उपास धरलायस का टायसाठी?"

"दोन्या एल्बा!"

"विचारते आपली. टाय मिळाला तुला. त्यानं आपणहून दिला. घे आणि गप्प बस. नाहीतर परत दे आणि गप्प बस. हे असं अधांतरी कुठवर लोंबणार?"

"परत काय देऊ? टाय नेऊन दिला तरी गाठ कुठून आणू?"

दोन्या एल्बांनी पुरीचा तुकडा मोडला, बराच वेळ चघळला. "मी बटणं उतरवते ना कोटांची," त्या म्हणाल्या, "तर बटण गेलं तरी कापडावर त्याचा गोल राहतो. त्या गोलापुरतं कापड उन्हानं विटलेलं नसतं..." मग एकदम त्यांना आपलंच बोलणं जड झालं. "खा गं. थंड होतायत."

लेओनोर खात नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती.

त्या संध्याकाळी तिनं टाय टेबलावर पसरला आणि दिवा आडवा धरला. तिरप्या उजेडात रेशीम बोलू लागलं. जे बाहेर होतं ते वर्षांच्या उन्हानं फिकटलेलं, जे गाठीच्या पोटात होतं ते अजून गर्द निळं. इथून वळला. इथे दुमडला. इथे कुणाचा तरी अंगठा टेकत होता, रविवारमागून रविवार, म्हणून रेशमाला ही चकाकी. एका माणसाच्या हाताची अख्खी वाट त्या निळ्यावर उमटून राहिली होती.

पण ती वाट जुळेना. खुद्द बगळ्यांवर प्रयोग करायची सोय नव्हती. नवी घडी पडली की जुनी पुसली. म्हणून तिनं दोरीवरचे हत्ती काढले आणि बांधले. चुकलं. ससे काढले. चुकलं. हरणं, टिटवी, हंस... ज्यांना तिनं कधी बोटाचा डागसुद्धा लागू दिला नव्हता त्या सगळ्यांचे गळे तिनं एकामागून एक आवळले, सोडले, पुन्हा आवळले. खोलीभर चुरगळलेलं रेशीम पडलं. बगळ्यांवरच्या खुणांशी ताडून पाहिलं की फिकट भाग आत जायचा आणि गर्द बाहेर यायचा, दर वेळी. रडकुंडीला येऊन ती हंस गळ्यात तसाच ठेवून तोंड धुवायला गेली. मान वर केली. बेसिनवरच्या आरशात हंसाची गाठ दिसली... आणि आरशातली ती गाठ बरोब्बर होती.

*

गोएसच्या त्या दुकानात काचेवर हिऱ्याची लेखणी ओढल्याचा आवाज येत होता. ब्राउलिओची पाठ दाराकडे होती.

"तुमचे बाबा डावखुरे होते?" लेओनोरनं दारातूनच विचारलं.

लेखणी थांबली. त्याला वळायला वेळ लागला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"टायनं."

ती पुढे झाली, कागदात गुंडाळलेला टाय काउंटरवर ठेवला. "डाग काढलाय. वास ठेवलाय. गाठ मी मारणार नाही, तुम्ही म्हणालात ते खरं, ती माझी होईल. पण त्यांची गाठ कशी होती ते मला सापडलंय. तुम्हाला शिकवू शकते. तुमच्या हातानं..." इथे तिनं घरून पाठ केलेलं सगळं संपलं. "नको असेल तर मी जाते. बगळे मात्र घ्या. माझ्याच्यानं ते बघवत नाहीत."

बाहेरून बस गेली. दुकानातल्या सगळ्या काचा हलकेच किणकिणल्या.

"दार लावून घ्या," तो म्हणाला. "वारा येतोय."

तिनं पिशवीतून ससे काढून त्याला दिले, हत्ती स्वतःच्या गळ्यात अडकवले. विकायला ठेवलेल्या आरशांची भिंत होती, तो तिकडे वळला.

"आरशात नका बघू."

"मग कुठे बघू?"

"माझ्याकडे." तिचे कान तापले. "म्हणजे... मी उजव्या हातानं बांधते. तुम्ही समोर उभे राहून माझी नक्कल करा, आरशासारखी. माझा हात जिकडे, तिकडे तुमचा. मग ती आपोआप डावी गाठ होईल. बाबांची."

"म्हणजे सारा वेळ तुमच्याकडे बघायचं?"

"माझ्या हातांकडे."

"हात चेहऱ्यापासून फार लांब नाहीत तुमचे," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच गोंधळला.

ती हात हलवी, तो हलवी. रुंद पट्टा वरून. मागून. पुन्हा वरून. त्याच्या भेगाळ बोटात धागा अडकला; एका सशाचा कान ओढला जाताना लेओनोरनं डोळ्यांनी पाहिला.

"लंगडा झाला?" त्यानं दचकून विचारलं.

"कान आहे. ऐकू कमी येईल, एवढंच. पुढे."

"तुम्ही... तू रागावली नाहीस?"

"वर धर. आता आतून. घट्ट नको."

सशांची गाठ जमली. मोडली. पुन्हा जमली. मग त्यानं कागद उलगडला आणि बगळे गळ्यात घातले, आणि दोन्ही टोकं धरून तसाच थांबला.

"चुकलं तर घड्या जातील?"

"पहिल्यांदाच बरोबर आलं तर जाणार नाहीत."

"छान धीर देतेस."

"खोटं बोलू का?"

"नको."

तो तिच्याकडे बघत राहिला. हत्ती काढून ठेवून ती रिकाम्या हवेत हात फिरवत होती, आणि तो तिच्या हवेला रेशीम जोडत होता. रुंद पट्टा वरून. मागून. आणि मग बोटांनी खेचायच्या आधीच रेशीम आपणहून वळलं. जुन्या घडीत घडी गेली, फिकटावर फिकट आलं, गर्द निळं पोटात दडलं. गाठ गळ्याशी येऊन बसली, किंचित एका अंगाला कललेली.

त्यानं आता आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"त्यांची कायम तिरकी असायची," तो म्हणाला. "आई दर वेळी सरळ करायची आणि ती दर वेळी..." पुढचं त्याला म्हणवलं नाही. काउंटरचा आधार घेऊन तो मान खाली घालून उभा राहिला, आणि खांदे हलत राहिले. लेओनोरला जवळ जावंसं वाटलं. तिनं पाऊल उचललं... आणि तिथेच ठेवलं. काही दुःखांना माणूस शेजारी नको असतं, पण खोलीत हवं असतं. ती खोलीत राहिली.

निघताना त्यानं दार धरलं. "शनिवारी येशील? वाटेत गाठ सुटली तर..."

"सुटणार नाही."

"मग न सुटलेली बघायला ये."

*

लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं आणि जेवण मोहल्ल्यातल्या बोचे या चेंडूंच्या खेळाच्या क्लबच्या लांबुडक्या हॉलमध्ये. बाहेर आभाळ शिशासारखं. आत दिवे लावूनही उजेड पुरत नव्हता. एक खुर्ची कुणी न सांगता रिकामी ठेवली होती, आणि लोक तिला वळसा घालून जात होते. नवरा-नवरी सोमवारी स्पेनमधल्या विगोला निघायची होती, तिथे नवऱ्याला जहाजबांधणीत काम मिळालं होतं. त्यामुळे जो तो हसत होता आणि जो तो मध्येच गप्प होत होता. लग्नही होतं, निरोपही होता.

इरुपे जेवणं उरकल्यावर भावाकडे आली. पांढरा झगा, वर आईची लोकरी शाल. तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं, गाठीशी नाक नेलं आणि डोळे मिटले.

"बाबांची गाठ," ती म्हणाली. "ब्राउलिओ, ही मला दे. अशीच, न सोडता. तिकडे माझ्याकडे काहीच नसेल रे त्यांचं."

लेओनोर टेबलाच्या टोकाशी उभी होती. ब्राउलिओनं बहिणीच्या डोक्यावरून तिच्याकडे पाहिलं. गप्प राहणं किती सोपं होतं! इरुपे सुखानं घेऊन गेली असती, कुणाला कधी कळलं नसतं. लेओनोरनं मान हलवली नाही, डोळ्यांनी खूण केली नाही. हा निर्णय तिचा नव्हता.

"इरुपे," तो म्हणाला. "ही माझी आहे."

"काय तुझी?"

"गाठ. बाबांची सुटली. गेल्या रविवारी. ही मी मारलीय, त्यांच्यासारखी. त्यांची नाही."

सुटली म्हणाला तो. सोडली म्हणाला नाही.

"माझ्या हातून सुटली," लेओनोर म्हणाली. तिचे पाय तिला टेबलाच्या टोकापासून इथवर कधी घेऊन आले, तिला कळलं नाही. "त्याची चूक नाही. मी सोडली."

इरुपेनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गाठीकडे. बोट लावून ती थोडी सरळ केली. बोट काढताच गाठ पुन्हा तिरकी झाली. इरुपेच्या तोंडून एक हुंदका आला आणि त्याला हसू चिकटलेलं होतं.

"तुला येते बांधायला?" तिनं भावाला विचारलं. "म्हणजे परत? पुन्हा पुन्हा?"

"येते."

"मग देच मला. खरं सांगू? बाबांची न्यायची मला भीतीच वाटत होती. सामानात सुटली तर मी काय केलं असतं? बोटीतून उडी मारली असती."

"विमानानं जातेयस तू."

"गप रे! तुझी सुटली तर तुला फोन करीन. तू सांग, मी बांधीन." मग लेओनोरकडे वळून, "आणि तू, दुसऱ्याच्या वस्तूंना विचारून हात लावत जा."

"हो," लेओनोर म्हणाली.

"पण जेवलीस का नीट? केक घेतलास?"

ब्राउलिओनं टाय सैल केला, डोक्यावरून काढला आणि बहिणीच्या गळ्यात घातला. पांढऱ्या झग्यावर निळा टाय, टायवर पांढरे बगळे. हॉलमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

*

सांजावताना दोघं रांब्लावर, नदीकाठच्या त्या लांबलचक फिरायच्या रस्त्यावर, चालत होती. पाऊस थांबला होता, पण हवेत पाणी होतं. पलीकडचा काठ नसलेली ती मातकट नदी भिंतीवर आपटत होती, एकसारखी, न दमता. कुणी मासे धरत होतं, पण मासा लागत नव्हता. ब्राउलिओची कॉलर उघडी होती आणि तिथे वारा शिरत होता.

"आई आधीच गेली, आता इरुपेही. सोमवारनंतर घरात मी एकटाच," तो म्हणाला.

"हं."

"बगळे तुला हवे होते ना? फार?"

"कुणी सांगितलं?"

"दोन्या एल्बांनी. काल सरळ दुकानात आल्या, मला शिव्या दिल्या आणि हे सांगून गेल्या. तू किती वर्षं शोधत होतीस ते. आणि तरी तू परत आणलास." तो थांबला. "मलाही एक सांगायचंय. सांगू?"

"सांग."

"त्या रविवारी मी निघून गेलो... तू गाठ सोडलीस म्हणून गेलो, असं तुला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण ते सगळं नव्हतं." त्यानं नदीकडे तोंड केलं. "बाबा गेल्यापासून मी हसलोच नव्हतो. एकदाही नाही. आणि तिथे, त्या ताडपत्रीखाली, तू त्या गुराख्याचं काहीतरी बोललीस, आणि मी हसत होतो. मनापासून. बाबांना पार विसरून. आणि नेमकी तेव्हाच ती सुटली. मला वाटलं, मी हसलो म्हणून सुटली." वारा आला आणि गेला. "तुझा राग नव्हता गं. तुझ्यापाशी मला इतकं बरं वाटलं ना, त्याचा राग आला होता."

भिंतीवरून एक लाट वर आली, दोघांच्या पायांशी फुटली आणि परत गेली. कोणीच मागे सरकलं नाही.

"आणि आता?" तिनं शेवटी विचारलं. "अजून राग आहे?"

"बरं वाटतंय. राग शोधतोय, सापडत नाही."

"मग हास ना."

"असं सांगून कसं हसू?"

"मग थांब जरा, कारण आधी मला रडायचंय," ती म्हणाली, आणि खरंच तिचा स्वर फुटला. "गेले रे माझे बगळे! विगोला गेले. इतकी वर्षं शोधले, दोन-तीन दिवस दोरीवर होते, आणि मी एकदासुद्धा त्यांच्याकडे धड बघितलं नाही, सारखं तुलाच..."

वाक्य तिथेच राहिलं. जे बोलायचं नव्हतं ते बोलून झालं होतं.

ब्राउलिओ हसला. आधी दबकत, मग मोकळं, मग इतकं की मासे धरणारा माणूस गळ सोडून वळून बघू लागला. हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले, आणि तरी तो थांबला नाही, घाबरला नाही. लेओनोर रडत होती आणि त्याच्या बाहीला नाक पुसत होती.

"काय झालं हो बाईंना?" मासेवाल्यानं लांबून ओरडून विचारलं.

"काही नाही," ब्राउलिओनं ओरडून सांगितलं. "माझ्यावर जीव जडलाय तिचा!"

"अरेरे," मासेवाला म्हणाला, आणि पुन्हा पाण्याकडे वळला.